हुनर की पदवी? परदेशी शिक्षणाच्या निवडीचा इतिहास आणि बेळगाव-निपाणी सीमाभाग

निपाणी शहर कर्नाटकात आणि त्याला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, अशी या सीमाभागातील शिक्षणाची रचना आहे. येथील विद्यार्थी घरी दखनी किंवा मराठी बोलतो, शाळेत उर्दू वा मराठी माध्यमातून शिकतो, कन्नड राज्यभाषा म्हणून आणि इंग्रजी गरज म्हणून आत्मसात करतो. अशा विद्यार्थ्यापुढे अलीकडच्या काळात एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. परदेशात जायचे तर विद्यापीठाच्या पदवीसाठी जावे, की एखाद्या व्यवसायाच्या प्रशिक्षणासाठी? प्रश्न नवा वाटत असला, तरी त्याला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा आढावा घेतल्यास आजची निवड अधिक डोळसपणे करता येईल, या हेतूने प्रस्तुत निबंधात काही प्रसंगांचा विचार केला आहे.

एकोणिसाव्या शतकात परदेशी शिक्षण म्हणजे प्रामुख्याने कायद्याचे शिक्षण होते. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० मध्ये इंग्लंडला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद शिष्यवृत्ती घेऊन त्यांच्यासोबत होते. केंब्रिजमध्ये शिकून आणि बॅरिस्टर होऊन ते परतले व पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. या दोघांच्या यशात बुद्धिमत्तेचा व घराण्याच्या पाठबळाचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. परंतु आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्यांनी जे शिक्षण घेतले, त्याचा उपयोग करण्याची जागा मायदेशी आधीच तयार होती. उच्च न्यायालये १८६० च्या दशकात स्थापन झाली होती. बॅरिस्टरला परतल्यावर न्यायालय उभारावे लागत नव्हते.

तंत्रशिक्षणाची स्थिती याहून वेगळी होती. भारत सरकारने १९०४ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांना परदेशात तंत्रशिक्षण घेता यावे म्हणून सरकारी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. या योजनेची तपासणी करणाऱ्या समितीचा अहवाल १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीचे अध्यक्ष थिओडोर मॉरिसन हे १८९९ ते १९०५ या काळात अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजचे प्राचार्य होते, ही बाब शिक्षकांना उद्बोधक वाटेल. महाविद्यालयातील वर्गशिक्षण भारतीय विद्यार्थ्याला मिळत होते, पण कारखान्यात प्रत्यक्ष काम करण्याची संधी मिळणे अवघड होते. उद्याचा प्रतिस्पर्धी ठरू शकेल अशा तरुणाला आपल्या यंत्रांजवळ उभे करण्यास तेथील कारखानदार नाखूश असत. मायदेशी परतल्यावर त्यांना सामावून घेणारे उद्योगही थोडेच होते. म्हणजे विद्या होती, पण हाताला सराव नव्हता आणि परतल्यावर जागा नव्हती.

या पार्श्वभूमीवर बेळगावचेच एक उदाहरण विशेष महत्त्वाचे ठरते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकलेसाठी दाखल झाले; परंतु रंग ओळखण्यातील दोषामुळे तो मार्ग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्करांचा सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले आणि सायकलींच्या दुकानातून कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांपर्यंत त्यांनी मजल मारली. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांजवळ परदेशी विद्यापीठाची पदवी नव्हती.

त्यांचे चिरंजीव शंतनुराव मात्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत शिकले आणि १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. पित्याने हुनर निवडले व पुत्राने पदवी, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे. शंतनुरावांचे बालपण कारखान्याच्या परिसरात गेले होते आणि पदवी घेऊन ते परतले तेही कारखान्यातच. आधी कार्यशाळा, मग विद्यापीठ आणि पुन्हा कार्यशाळा, असा तो क्रम होता. १९०४ च्या योजनेतील शिष्यवृत्तीधारकांना जी जागा सापडत नव्हती, ती या एका घराने आधीच्या पिढीत स्वतः निर्माण केली होती.

तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचा अनुभवही याच दिशेने जातो. १९०८ मध्ये लोकांच्या पै-पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या या कारखान्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सांभाळली. जपान व अमेरिकेत शिकून आलेल्या या तंत्रज्ञाने केवळ काच बनवली नाही. कारखान्यालाच शाळेचे रूप दिले गेले व तेथे कारागीर तयार झाले. एकट्याच्या परदेशगमनातून अनेकांच्या हातांना काम मिळाले.

याला एक गंभीर अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. म्हणजे जागा राखून ठेवलेली होती. तरीही १९१७ मध्ये बडोद्यात त्यांना राहण्यासाठी घर मिळाले नाही आणि नोकरी सोडून परतावे लागले. शिक्षण आणि पद दोन्ही असूनही समाज जागा नाकारू शकतो, हा धडा कोणत्याही वंचित समाजाने विसरता कामा नये.

आता सीमाभागातील मुस्लीम समाजाकडे वळू. येथील आडनावेच व्यवसाय सांगतात : तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, शिकलगार, मोमीन. उस्तादाच्या हाताखाली शागिर्दाने शिकावे, ही तालमीची रीत या समाजाला परकी नाही. पण या हुनराला प्रमाणपत्र नव्हते आणि प्रमाणपत्र नसल्यामुळे प्रतिष्ठाही नव्हती. १९७३ नंतर तेलाच्या पैशामुळे आखाती देशांत कामे निघाली, तेव्हा भारतातून गेलेल्या असंख्य कारागिरांना हाच अनुभव आला. हात कुशल होता, पण कागद नसल्याने मजुरी अकुशलाची मिळाली. त्यामुळे आईवडिलांच्या मनात एक धारणा पक्की झाली. मुलाने शिकायचे ते गॅरेजमधून बाहेर पडण्यासाठी. मग परदेशात जाऊन पुन्हा पाना हाती घ्यायचा कशाला? निपाणीत विड्या वळून मुलांना शिकवणाऱ्या आईला हा प्रश्न पडला, तर तिला दोष देता येणार नाही.

शासकीय मदतीचा ओघही पदवीकडेच राहिला. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना पदव्युत्तर व संशोधन अभ्यासक्रमांपुरती होती. व्यवसाय प्रशिक्षण तिच्या कक्षेत नव्हते. २०२२-२३ पासून ती योजनाही बंद झाली. त्यामुळे पदवीसाठी जाणाऱ्याच्या कुटुंबावरील कर्जाचा भार वाढला आहे.

दरम्यान जर्मनीने आपली द्विस्तरीय प्रशिक्षणपद्धती परदेशी तरुणांना अधिक खुली केली आहे. १९६९ च्या कायद्याने बांधलेल्या या पद्धतीत, ज्याला तेथे 'आउसबिल्डुंग' म्हणतात, प्रशिक्षणार्थी आठवड्यातील बहुतेक दिवस कारखान्यात व उरलेले दिवस व्यवसाय शाळेत शिकतो. मुदत साधारणतः दोन ते साडेतीन वर्षांची असते आणि या काळात मालक त्याला दरमहा विद्यावेतन देतो. १९१३ मध्ये जो कारखान्याचा दरवाजा बंद असल्याची तक्रार होती, तोच येथे शिक्षणाचा पाया आहे. याउलट तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसले, तरी सप्टेंबर २०२४ च्या नियमानुसार विद्यार्थ्याला वर्षाच्या निर्वाहासाठी ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. ज्यांची शाळा एका राज्यात व कॉलेज दुसऱ्या राज्यात आहे, त्यांनी अशा योजनांतील रहिवासाच्या अटी आधी पाहणे इष्ट.

वरील इतिहासातून निष्कर्ष निघतो तो हुनर श्रेष्ठ की पदवी श्रेष्ठ असा नाही. शिक्षणानंतर उभे राहण्याची जागा कोठे आहे, हा खरा प्रश्न आहे. घरी वर्कशॉप असलेल्या आणि हाताला सराव असलेल्या मुलाला अभियांत्रिकीची परदेशी पदवी शंतनुरावांप्रमाणे फळू शकते. ज्याच्यामागे ना भांडवल ना कारखाना, त्याने घर गहाण ठेवून केवळ पदवीच्या नावासाठी जाणे म्हणजे १९०४ च्या शिष्यवृत्तीधारकांची अडचण स्वतःच्या खर्चाने विकत घेणे होय. अशा विद्यार्थ्यासाठी विद्यावेतनासह मिळणारे प्रशिक्षण हा कमीपणाचा मार्ग नाही. त्याचबरोबर संशोधनाची ओढ असलेल्या हुशार विद्यार्थ्याला गरिबीचे कारण सांगून हुनराकडे वळवणे हाही अन्यायच ठरेल.

येथे महाविद्यालयीन शिक्षकाची जबाबदारी सुरू होते. दलालाच्या कार्यालयात जाण्यापूर्वी विद्यार्थी वर्गशिक्षकाकडे येतो. प्रशिक्षणाचा करार प्रत्यक्ष कंपनीशी आहे का, त्याची नोंद तेथील व्यावसायिक मंडळाकडे होणार आहे का, सर्वसाधारणपणे लागणारी बी-१ पातळीची जर्मन भाषा शिकण्यास किती महिने लागतील, आणि परतल्यावर किंवा तेथेच राहिल्यास पुढची पायरी कोणती, हे चार प्रश्न त्याच्यासोबत बसून सोडवणे शिक्षकाला शक्य आहे. भाषेची भीती मात्र या भागातील मुलांनी बाळगू नये. जो लहानपणापासून उर्दू, मराठी आणि कन्नड या तीन लिप्या पाहत वाढला, त्याला चौथी भाषा शिकवणे हे शिक्षकांच्या आवाक्यातील काम आहे. महाविद्यालयांनी जर्मन भाषेचा एक वर्ग सुरू केला, तरी बेळगाव-निपाणीच्या मुलांसाठी निवडीचा मार्ग खऱ्या अर्थाने खुला होईल.