मधली तीन वर्षं

बाबासाहेबांच्या पदव्या वरवट बकालच्या पोट्ट्यांना तोंडपाठ आहेत. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. जयंतीला त्या एका ओळीत छापतात. ओळ वाचून वाटतं, माणूस बोटीत बसला, पदव्या घेतल्या अन् परत आला. इतिहास इतका सरळ नाही. या ओळीच्या मधोमध तीन वर्षांची तूट आहे. तिच्यावर भाषण कोणी ठोकत नाही.

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ ला एम.ए. झाले. १९१६ ला लंडन गाठलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अन् ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. वर्ष सरलं नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. करारानं संस्थानची नोकरी करणं भाग होतं. १९१७ ला शिक्षण अर्धं टाकून निघावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. पुस्तकांचं सामान दुसऱ्या जहाजावर चढवलं होतं, ते जहाज टॉर्पेडोनं बुडालं. लंडनची पदवी नाही, पुस्तकं नाहीत. जवळ उरली फक्त एक परवानगी : चार वर्षांच्या आत परत या अन् अभ्यास पुरा करा.

ही परवानगी नीट ध्यानात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

बडोद्यात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला शहरात खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून पारशांच्या सराईत राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या टोळक्यानं बाहेर काढलं. शिक्षणानं जात धुऊन निघते म्हणणाऱ्यांनी हा दिवस पाठ करावा.

मुंबईला आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. आपल्या घरात एवढा पगार आला की लोक म्हणतात, झालं बापा, आता कायचं शिक्षण! बाबासाहेबांनी काटकसर करून पैसा बाजूला टाकला. त्याच काळात, १९१९ ला, साउथबरो समितीपुढं अस्पृश्यांची बाजू मांडली. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. म्हणजे ती तीन वर्षं वाया गेली नव्हती. पण लंडनची मुदत त्यांनी एक दिवसही विसरली नाही.

जुलै १९२० मध्ये प्राध्यापकी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. वय २९. पैसा तीन ठिकाणचा : स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत, अन् नवल भथेना या पारशी मित्राकडून ५००० रुपये कर्ज. बडोद्यात लाठ्या घेऊन आलेले पारशी अन् हे कर्ज देणारेही पारशी. दोन्ही गोष्टी इतिहासात शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. चौथं भांडवल कोणत्या वहीत लिहिलेलं नाही. ते रमाईचं. परळच्या चाळीतलं घर तिनं ओढलं म्हणून लंडनमध्ये पुस्तक उघडलं गेलं.

१९२१ ला एम.एस्सी. झाली. डी.एस्सी.चा प्रबंध मात्र १९२३ ला दुरुस्तीसाठी परत आला. पैसे संपले होते. पुन्हा अर्ध्यात मुंबई. पण ते इथंच बसून दुरुस्त्या करून प्रबंध धाडते झाले अन् त्याच वर्षी पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. त्याहून लांबली. तिथं प्रबंध छापून द्यावा लागे. पुस्तक १९२५ ला निघालं, पदवी रीतसर हाती आली १९२७ ला. कोलंबिया सोडून अकरा वर्षं झाली होती.

ज्याचं शिक्षण असं तुकड्या-तुकड्यानं झालं, त्यानं १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं तेव्हा नोकरीवाल्यांसाठी सकाळच्या वर्गाची सोय ठेवली. पोट भरून शिकणारा माणूस त्यांना ऐकून माहीत नव्हता, ते स्वतः तसे शिकले होते.

म्हणून यापुढं बॅनरवर पदव्यांपुढं सालं छापा. एम.एस्सी. १९२१. डी.एस्सी. १९२३. पीएच.डी. १९२७. आमच्या संग्रामपूर तालुक्यात बापाचं कर्ज, बहिणीचं लग्न नाहीतर कपाशीचं बुडालेलं साल, यातल्या एकानं कॉलेज सुटतं. पोरगं शेगावहून गाडी धरतं, पुण्या-सुरतेला कामाला लागतं. दोन वर्षांनी घरचेच म्हणतात, आता याचं वय गेलं. पोरीला तर सहा महिन्यांतच म्हणतात. मग ते लेकरू स्वतःही तेच म्हणायला लागतं.

बाबासाहेबांसारखं व्हा म्हणणं सोपं आहे. त्यांनी केलेलं काम साधं होतं, तेवढं करा. कॉलेज सोडताना परतीची मुदत विचारून ठेवा. टी.सी. अन् गुणपत्रिका जपा. पहिल्या पगारातून फीचे पैसे वेगळे काढा. प्रवेशाच्या खिडकीवर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतील. द्या. मान खाली घालून देऊ नका.