सहीपुरती परिषद

1923 साली अमेरिकी सरकारला नवाहो लोकांची एक सही हवी होती. न्यू मेक्सिकोत त्यांच्या मुलखात तेल सापडले होते आणि कंपन्या घाईवर आल्या होत्या. पण 1868 च्या तहाने राखून दिलेली ती जमीन लोकांच्या संमतीवाचून भाडेपट्ट्याने देता येत नव्हती. संमती द्यायची कोणी? नवाहो स्वतःला डिने म्हणवतात, आणि साऱ्या डिनेंचा मिळून एक राजा, एक दरबार असा कधी नव्हताच. तेव्हा सरकारनेच परिषद नेमवून घेतली. पहिल्याच बैठकीत तिने तेलाचे करार करण्याचा अधिकार सरकारी आयुक्ताला देऊन टाकला. आयुक्ताच्या गैरहजेरीत तिला भरताही येत नसे. अध्यक्ष झाले हेन्री ची डॉज, एकेकाळचे सरकारी दुभाषी.

ज्या तहाची अडचण झाली, त्याची कहाणी वेगळी. 1864 साली लष्कराने पिके आणि पीचच्या बागा उद्ध्वस्त करून हजारो डिनेंना शेकडो मैल पायी बॉस्क रेदोन्दोच्या छावणीत नेले. चार वर्षांची उपासमार आणि रोगराई यांनंतर जनरल शर्मन वाटाघाटींना आले. त्यांनी आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात तो प्रदेश देऊ केला. बार्बोन्सितो यांनी साफ नाकारला: जायचे तर घरीच. त्यांचे बोलणे आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत जात होते. दोन भाषा ओलांडूनही नकार नकारच राहिला!

परिषदेचा नकार उशिरा आला. 1933 मध्ये जमिनीची धूप थांबवण्यासाठी जनावरे कमी करण्याच्या सरकारी योजनेला तिने मान्यता दिली. कळप बऱ्याच अंशी बायकांच्या मालकीचे, परिषदेत मात्र सगळे पुरुष. मेंढ्या-शेळ्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. या जखमेचा राग मतपेटीत उतरला. आयुक्त जॉन कॉलियर यांनी पुढे केलेला 1934 चा पुनर्रचना कायदा आदिवासींना स्वशासन देऊ करत होता. नवाहोंनी थोड्या मतांनी का होईना, तो फेटाळला. मला हा निर्णय आडमुठेपणाचा वाटत नाही. पुढे त्याचा फायदाही झाला: 1985 मध्ये केर-मॅगी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कर बसवायला नवाहोंना वॉशिंग्टनची मंजुरी लागत नाही.

तोवर पीटर मॅक्डॉनल्ड यांचा काळ आला होता. दुसऱ्या महायुद्धात नवाहो भाषेतून सांकेतिक संदेश पाठवणाऱ्या सैनिकांपैकी ते एक. अध्यक्ष म्हणून त्यांनी कोळसा-युरेनियमच्या स्वस्त करारांना आव्हान दिले आणि इतर जमातींना बरोबर घेऊन ऊर्जासंपत्तीची संघटना उभारली. पण परिषदेचे अध्यक्षही तेच आणि कारभाराचे प्रमुखही तेच. लाचखोरीचे आरोप झाल्यावर 1989 मध्ये परिषदेने त्यांना पदावरून दूर केले. जुलैत विंडो रॉक येथे त्यांचे समर्थक आणि पोलीस यांच्यात चकमक होऊन दोघे मेले.

त्याच डिसेंबरात परिषदेने स्वतःचा कायदा बदलून सभापती आणि राष्ट्राध्यक्ष ही पदे वेगळी केली. 1991 मध्ये पीटरसन झा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. लिखित संविधान मात्र नवाहो राष्ट्राने अजूनही स्वीकारलेले नाही.