कसोटीचा दगड

रायपूरचा सदर बाजार हा सराफांचा बाजार. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होते, त्यामुळे या शहराशी मराठी माणसाचा ऋणानुबंध जुना आहे. अशा बाजारातील पेढीवर पूर्वी तराजूइतकाच मान एका काळ्या, गुळगुळीत दगडाला असे. दागिना कितीही झळकत असो, सराफ त्या झळाळीवर भाव सांगत नसे. तो दागिना दगडावर घाशी, उमटलेली रेघ माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून पाही, तीवर तेजाबाचा थेंब सोडी आणि मगच बोले. आता यंत्रे आली. पण त्या दगडाचे ‘कसोटी’ हे नाव भाषेने टाकले नाही. क्रिकेटच्या पाच दिवसांच्या सामन्यालाही मराठीने तेच नाव दिले.

या दगडाचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. तो भाकीत करीत नाही; त्याच्यावर उमटते ते प्रत्यक्ष सोनेच. माणसाची पारख करताना मात्र, विशेषतः अद्याप मैदानात न उतरलेल्या तरुणाची, आपण दगड बाजूस ठेवतो आणि झळाळीवर भाव बोलतो. उंची पाहतो, छाती मोजतो, आणि निकाल देऊन मोकळे होतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा जाधव या पारखीच्या फेऱ्यात एकदा नव्हे, अनेकदा सापडले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान; मुलाच्या अंगाला तांबडी माती लहानपणीच लागली. पुढे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. देहयष्टी ठेंगणी, दिसायला किरकोळ. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यावयास ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांना नाकारले, असे सांगतात. खाशाबा प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांना कुस्तीतले मर्म कळत होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्यांनी एवढेच केले की, या मुलाला आखाड्यात उतरू दिले. पुढचे काम आखाड्याने केले; अंगापिंडाने मोठे असलेले प्रतिस्पर्धी त्या किरकोळ मुलाने पाडले.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले. मातीवर वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर लढावे लागले. तरीही आपल्या वजनगटात ते सहावे आले. इतकी रेघ उमटल्यावर पुन्हा शंका उरू नये. पण १९५२ च्या निवडीच्या वेळी गुणांच्या मोजणीत आपल्याला डावलले गेले, अशी तक्रार घेऊन त्यांना पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली. महाराजांनी फेरलढत ठरविली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले आणि वाद संपला. मग पैशाचा प्रश्न आला. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे बँटमवेट गटात खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले.

झळाळीवर भाव बोलण्याची ही खोड एकट्या आपल्या देशाची नव्हे. अमेरिकेत बास्केटबॉलपटू शाळेत असतानाच त्यांची प्रतवारी लावली जाते आणि महाविद्यालये तीवर नजर ठेवून असतात. १९७८ साली विल्मिंग्टन येथील एका शाळेने मुख्य संघासाठी एका उंच मुलाची निवड केली. त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाला कनिष्ठ संघात ठेवले. तो दुसरा मुलगा मायकेल जॉर्डन. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारी बास्केट त्याचीच होती. त्या शाळेने मुद्दाम अन्याय केला असे नव्हे. संघाला उंची हवी होती, आणि उंची डोळ्यांना दिसते. जिद्द दिसत नाही. मात्र कनिष्ठ संघाचा का होईना, दगड त्या मुलाच्या वाट्याला आला, ही गोष्ट विसरता येत नाही.

खाशाबांच्या बाबतीत तर रेघ उमटल्यानंतरही मोल ठरले नाही. गोळेश्वरने आपल्या वीराचे १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने स्वागत केले. गावाची पारख चुकली नाही. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो त्यांच्या निधनानंतर, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर.

तरुणाकडे पाहून त्याचे भवितव्य ओळखणारी दृष्टी फार थोड्यांना असते; आणि ज्यांना ती आहे असे वाटते, त्यांचीही फसगत होते. म्हणून पारखी माणसाचे पहिले कर्तव्य भाकीत करण्याचे नाही, दगड पुढे करण्याचे आहे. खर्डेकरांनी ते केले, पतियाळाच्या महाराजांनी केले, म्हणून एक नाव इतिहासात राहिले. ज्यांना दाद मागावयास असा दरवाजाच सापडला नाही, त्यांची गणती कोणत्याही वहीत नाही. त्यांतले बावनकशी किती होते, हे आता कोणताही सराफ सांगू शकणार नाही. कारण त्यांची रेघ दगडावर कधी उमटलीच नाही.