कोकणातले समाजवादी कुठे गेले?

२०२४ च्या लोकसभा निकालाच्या दुसऱ्या दिवशी इन्सुलीत हायवेलगतच्या एका हॉटेलात चहा घेत बसलो होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गमधून नारायण राणे भाजपच्या चिन्हावर निवडून आले होते, विनायक राऊत पडले होते. शेजारच्या बाकावरचा विशी-बाविशीतला मुलगा मित्राला म्हणाला, "हयसर पयल्यापासून भगवोच. सेना नायतर भाजप."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "नाथ पै, मधु दंडवते ही नावं ऐकलीत काय रे?" एकाला नाथ पै हे मालवणच्या सेवांगणामुळे माहीत होते. दंडवते दोघांनाही नवीन होते. ज्या मतदारसंघाने सलग आठ लोकसभा निवडणुकांत समाजवादी खासदार दिल्लीला पाठवला, तिथला हा संवाद आहे. चौतीस वर्षं टिकलेला पक्ष दुसऱ्या पिढीच्या आठवणीतूनही जातो, म्हणजे निवडणूक हरण्यापेक्षा काहीतरी मोठं घडलेलं असतं. ते काय, हे मी बरीच वर्षं शोधतो आहे. यात माझ्या घराचाही थोडा इतिहास आहे, म्हणून तो सांगणं भाग आहे.

लाटेविरुद्ध उभा राहिलेला मतदारसंघ

आज जो रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ आहे, त्याच्या दक्षिण भागाचं जुनं नाव राजापूर. आमची सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, कणकवली हा सगळा मुलूख त्यात येई. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या जोरावर वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे इथून निवडून आले. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली होती, त्यामुळे त्या विजयाचं नवल नव्हतं.

नवल पुढचं आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, आंदोलनाचं कारण संपलं आणि १९६२ मध्ये काँग्रेसने राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा घेतल्या. उरलेल्या तिघांत नाथ पै होते. १९६७ ला ते तिसऱ्यांदा निवडून आले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचं निधन झालं आणि दोनच महिन्यांत निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. राजापूरने मात्र पुन्हा समाजवादीच निवडला. तोही कोकणाबाहेरचा: अहमदनगरात जन्मलेले आणि मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्रा. मधु दंडवते.

१९७७, १९८० आणि १९८४ ला तेच निवडून आले. १९८४ ची निवडणूक इंदिराजींच्या हत्येनंतरची होती. काँग्रेसला महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा मिळाल्या आणि राज्यातून जनता पक्षाचे एकटे दंडवते लोकसभेत पोहोचले. १९८९ ला ते पाचव्यांदा जिंकले आणि देशाचे अर्थमंत्री झाले. दीड वर्षाने, १९९१ मध्ये, काँग्रेसच्या सुधीर सावंतांनी ही जागा घेतली. त्यानंतर समाजवाद्यांना ती कधीच मिळाली नाही.

"लोक कृतघ्न झाले"

या पराभवाचं एक कारण जुने समाजवादी हमखास सांगतात: लोक कृतघ्न झाले. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या काळात. कोकण रेल्वेसाठी त्यांनी आयुष्य वेचलं. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि तिजोरीच्या चाव्या दंडवत्यांकडे होत्या. त्याच्या पुढच्याच वर्षी ते पडले. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली आणि आमच्या मडुऱ्यालाही रेल्वे स्टेशन मिळालं, तेव्हा राजापूरचे खासदार शिवसेनेचे सुरेश प्रभू होते.

पण हाच न्याय उलट बाजूनेही लावून बघा. रत्नागिरीचे दोन भाग करून १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा कुणी दिला? काँग्रेसचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी. कोकणचा माणूस, मुसलमान मुख्यमंत्री, आणि लोकांची जुनी मागणी एका झटक्यात पूर्ण. आमच्या घरात अंतुल्यांचं केवढं कौतुक होतं! तरीही तीनच वर्षांनी या नव्या जिल्ह्याने काँग्रेसला पाडून दंडवत्यांना निवडलं. तेव्हा समाजवाद्यांना लोक कृतघ्न वाटले नाहीत, सुज्ञ वाटले. दिलेल्या वस्तूच्या बदल्यात मत, हा हिशेब कोकणी माणसाने कुणाशीच कधी केलेला दिसत नाही.

दुसरं कारण सांगतात ते राजीव गांधींच्या हत्येचं. मतदान टप्प्याटप्प्याने चालू असताना २१ मे १९९१ ला ती झाली आणि सहानुभूती काँग्रेसकडे वळली. हे खरं आहे. पण १९८४ ची सहानुभूती त्याहून मोठी होती आणि तिच्यात हा गड पडला नाही. मग १९८४ ते १९९१ या सात वर्षांत काय बदललं, हा खरा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर दिल्लीत शोधून सापडत नाही. मला ते गिरणगावात सापडलं.

मनीऑर्डरबरोबर येणारं मत

माझे अब्बा परळच्या एका गिरणीत होते. आमच्या भागात तेव्हा बहुतेक घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटे. मनीऑर्डरबरोबर पत्र येई आणि पत्रात राजकारणही येई. चाकरमानी चाळीत राहत, त्यांच्या खोलीवर युनियनची माणसं येत. गिरण्यांत समाजवाद्यांची मिल मजदूर सभा होती; बेस्टमध्ये, महापालिकेच्या कामगारांत जॉर्ज फर्नांडिस यांच्या युनियन होत्या. गणपतीला, शिमग्याला हा माणूस गावी आला की घराचं मत ठरे. आमच्याकडे अब्बा ईदला येत तेव्हा ठरे, एवढाच फरक.

म्हणजे राजापूरचा गड उभा होता तो मुंबईतल्या कामगार चळवळीच्या आणि दोन निर्मळ माणसांच्या प्रतिष्ठेच्या खांबांवर. गावात पक्षाची स्वतःची बांधणी फार थोडी होती. मास्तर होते, सेवादलाचे जुने सैनिक होते, वाचनालय चालवणारे होते. त्यांना मान होता. पण ते निवडणुकीत पक्षाचे आणि एरवी संस्थेचे असत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. अब्बा दीड वर्ष वाट बघून गावी परतले. जुन्या युनियनवरचा विश्वास संपामुळेच उडाला होता आणि नवं नेतृत्वही त्यांना काम परत देऊ शकलं नाही. आता मनीऑर्डर बंद झाली, आणि तिच्यासोबतचं पत्रही.

१९८४ ला अजून दंडवत्यांचं नाव आणि जुनी सवय पुरली. पण १९८५ ला मुंबई महापालिका जिंकल्यावर शिवसेनेने मुंबई-ठाण्याबाहेर पाय पसरले आणि बेकार चाकरमान्याच्या मुलासाठी गावात शाखेचा बोर्ड लागला. त्या मुलाला तिथे बसायला जागा मिळाली, क्रिकेटला टीम मिळाली, रात्री-अपरात्री आजाऱ्याला नेण्यासाठी गाडी मिळाली आणि तालुक्याच्या साहेबाशी बोलायला आवाज मिळाला. या गोष्टींना विचारसरणी लागत नाही. विचार नंतर येतो, बोर्डाच्या मागून. १९९० च्या विधानसभेत सेनेने राज्यात ५२ जागा घेतल्या आणि मालवणातून नारायण राणे पहिल्यांदा आमदार झाले. त्याच निवडणुकीत जनता दलाला २४ जागा मिळाल्या. १९९५ ला त्या ११ झाल्या. १९७८ ला याच जनता परिवाराचे, तेव्हा जनसंघीयांसह, ९९ आमदार होते.

झोपडी खंय गेली?

दुसरं एक कारण वरून क्षुल्लक वाटतं. माझी दादी निरक्षर होती. १९७७ ला ती मत द्यायला निघाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तिला सांगितलं की या वेळी चक्रातला नांगरधारी शेतकरी आहे. ती वैतागून म्हणाली, "झोपडी खंय गेली? आता शिक्को मारूचो तरी खंय?"

तिची झोपडी हे प्रजासमाजवादी पक्षाचं चिन्ह. १९७१ च्या ऑगस्टमध्ये तो पक्ष संयुक्त समाजवाद्यांत मिळाला. १९७७ ला सगळे जनता पक्षात गेले. १९७९ ला तो फुटला, १९८० ला जनसंघवाले बाहेर पडून भाजप झाले. १९८८ ला जनता दल आला आणि शेतकरी जाऊन नुसतं चक्र राहिलं. प्रत्येक फुटीमागे तात्त्विक वाद होते आणि दुहेरी सदस्यत्वासारखे काही वाद खरोखर महत्त्वाचे होते. पण दादीच्या हाती दर वेळी उरत होता तो फक्त माणूस: आधी नाथ पै, मग दंडवते. पक्ष नावाची वस्तू तिच्या ओळखीची होऊच शकली नाही. माणूस थकला, तेव्हा मागे धरायला काही नव्हतं.

आपला हिशेब

आता थोडं मुसलमान वाचकांशी. सिंधुदुर्गात आपण शंभरात तीन-चार. बांदा, सावंतवाडी, मालवण अशा बाजारगावांत थोडी वस्ती, बाकी विखुरलेले. इथे 'मुस्लिम मतपेढी' नावाचं काही नव्हतं, आणि मला वाटतं तेच आपलं भाग्य होतं. नाथ पैंना मत देताना माझी दादी इन्सुलीची बाई म्हणून देत होती.

समाजवाद्यांचं सगळंच चांगलं होतं असं नाही. १९६८ ला मुंबई महापालिकेसाठी प्रजासमाजवाद्यांनी शिवसेनेशी युती केली. सेनेला ४२ जागा मिळाल्या आणि प्रतिष्ठाही. ज्यांनी कोकणी तरुणाला पुढे त्यांच्याकडून हिरावून घेतलं, त्यांना पहिला हात यांनीच दिला. दुसरीकडे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई याच सेवादलाच्या मुशीतून आले आणि १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाईंना आपल्या समाजाने दूर लोटलं, हा आपला दोष आहे. पण सुधारणेच्या व्यासपीठावर दिसणारी ही चळवळ मुसलमान गिरणी कामगार, तांडेल, मासळीवाली यांच्यात किती उतरली, हाही प्रश्न विचारायला हवा. दोन्ही बाजूंनी अंतर पडलं.

ते अंतर मला जानेवारी १९९३ मध्ये दिसलं. मुंबई पेटली होती. आमचे नातेवाईक एका रात्री मिळेल त्या गाडीने गावी आले. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दुसऱ्या सकाळी एक निवृत्त मास्तर, जुने सेवादलवाले, सायकल हातात धरून घाटीने चालत आमच्या घरी आले आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून ते बसले होते. मध्यंतरी शाखेवर जाणारी दोन मुलं आली, दादीची चौकशी करून गेली; दर ईदला ती आमच्याकडे शीरखुर्मा खात. मास्तर उठताना अब्बांना म्हणाले, "मी येतलंय रोज. पण माका ह्या वयात एकट्याक किती जमतला?"

माणूस होता, पाठीशी पक्ष उरला नव्हता.

मालवणात बॅ. नाथ पै सेवांगण आजही उभं आहे, चांगलं काम करतं. समाजवाद्यांची पुढची पिढी अशा संस्थांत गेली आणि तिथे त्यांनी पुष्कळ केलं. पण संस्था गरजूला मदत करते. मतदान केंद्रावर उभं राहणं, तालुक्याला जाब विचारणं, बिथरलेल्या वाडीत दहा माणसं घेऊन जाणं हे पक्षाचं काम असतं. ते काम सोडलं की मतं एका दिवसात जात नाहीत. आधी तरुण जातो, मग पत्र थांबतं, मग चिन्ह विसरलं जातं आणि सगळ्यात शेवटी निकाल लागतो. १९९१ हा तो निकाल होता.

२००८ च्या पुनर्रचनेत राजापूर लोकसभा मतदारसंघाचं नावही पुसलं गेलं. हॉटेलातल्या त्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याने निघताना विचारलं, "मगे आता ते लोक खंय असतत?" मी म्हटलं, बहुतेक संस्थांत असतात. तो म्हणाला, "आमच्या वाडीत कोण कधी इलो नाय."

त्याचा दोष नव्हता. त्याच्या वाडीत जे आले, त्यांनाच तो ओळखतो.