हातातली नासपती

नगारा थांबता थांबत नाही. भर दुपारी तीनशे ठोके पडतात, चीनची राजधानी छांगआन, तिच्या पश्चिम बाजाराचे दरवाजे उघडतात आणि गर्दीच्या लोंढ्यात तुम्ही आत जाता. साल 652, दिवस शरदाचे. हवा इतकी कोरडी की ओठ फुटलेत. तीळ लावलेल्या रोट्या भाजल्याचा खमंग वास येतोय. मिरची शोधू नका. बटाटा, टोमॅटो, मकाही नाही. ते इथे यायला अजून नऊशे वर्षं आहेत.

चौकोनी भोकाची तांब्याची नाणी मोजून तुम्ही एक नासपती घेता आणि बाजारातल्या एका वैद्याच्या पुढ्यात धरता. ही तब्येतीला चांगली ना?

तो नासपतीकडे बघतच नाही. तुमच्या मनगटावर तीन बोटं टेकवतो. हातपाय गार पडतात? तहान लागली की गार पाणी हवंसं वाटतं की कोमट? पहाटे पोट बिघडतं? कुठल्या मुलखातले? तुम्ही ‘महाराष्ट्र’ म्हणता आणि तो मान डोलावतो. पुलकेशी राजाच्या त्या मुलखात जाऊन आलेला बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग याच शहरात राहतो. यंदा मठात पोथ्यांसाठी मनोरा उभारतोय.

मग निकाल. नासपती थंड. आतली उष्णता काढते, जिवाची तगमग शमवते. पण तुमच्या पोटात मुळात ऊबच कमी, तुम्हाला ती बाधेल. तुम्ही राळ्याची पेज घ्या, त्यात आलं आणि सुकी लाल बोरं. ही थंडी-उष्णता हाताला लागणारी नव्हे. आपल्याकडे पपई ‘उष्ण पडते’ ना, तशीच.

शेजारी समरकंदचा एक व्यापारी बसलाय. चेहरा लालबुंद, तोंड आलेलं. रोज मटण आणि द्राक्षाची दारू. त्याला दोन्ही बंद. मुगाचं पातळ कढण घे, म्हणतो वैद्य, आणि नासपती खा.

आज चिनी वैद्यकात नऊ प्रकृतींचा तक्ता मिळतो, प्रश्नांवर खुणा करून आपला प्रकार काढायचा. तो तक्ता 2009 सालचा. या वैद्याकडे असले खण नाहीत, फक्त समोरचा माणूस आहे. मला हेच जास्त पटतं. नामांकित वैद्य सुन सिमियाओ याच सुमारास आपला मोठा ग्रंथ पुरा करतोय. आधी अन्नाने बरं करून बघा, नाही जमलं तरच औषध द्या, असं तो वैद्यांना बजावतो. पुड्या विकून पोट भरणाऱ्यांना ते कितपत रुचलं असेल!

व्यापाऱ्याची नजर तुमच्या हातावर खिळलीय. तुम्ही नासपती त्याला देऊन टाकता. पहिल्याच घासाला रस दाढीतून ओघळतो.

तेवढ्यात बाजार बंद व्हायची घंटा सुरू होते. तिचेही ठोके तीनशे. ते संपायच्या आत आलं विकत घ्यायचंय.