समोर नसलेला विद्यार्थी

१८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशाच्या कानाकोपऱ्यात पत्र जाऊ लागले आणि आयझॅक पिटमनने आपली लघुलिपी टपालाने शिकवायला घेतली. विद्यार्थी बायबलमधला एखादा उतारा लघुलिपीत उतरवून पाठवत; चुका दुरुस्त होऊन कागद परत येई. त्या परत येणाऱ्या कागदावरच सारी शिकवणी उभी होती. विद्यार्थी डोळ्यांसमोर नसताना तो कुठे अडला हे ओळखायचे कसे, या प्रश्नाशी दूरशिक्षण तेव्हापासून झगडते आहे.

या प्रश्नासाठी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने घेतले तेवढे कष्ट क्वचितच कोणी घेतले असतील. १९६९ मध्ये तिला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४,००० जणांनी अभ्यासाला सुरुवात केली. प्रवेशाला आधीच्या परीक्षांची अट नव्हती. दिवसभराचे काम उरकून रात्री पुस्तक उघडणारी प्रौढ माणसे होती ही. त्यांच्यासाठी अभ्यासक्रम एकट्या प्राध्यापकाने लिहायचा नाही, असे ठरले. विषयाचे जाणकार, संपादक, शिक्षणतंत्रज्ञ आणि बीबीसीचे निर्माते एकत्र बसत, एकमेकांचे मसुदे कठोरपणे तपासत. तिथल्या डेरेक राउंट्री यांनी अशा पाठांना ‘छापील शिकवणी’ म्हटले. वाचता वाचता मध्येच प्रश्न येई. आधी स्वतः उत्तर लिहायचे, मग दिलेले उत्तर पडताळायचे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरपोच प्रयोगपेटी मिळे, तिच्यात चिमुकला सूक्ष्मदर्शकही असे. लोकांच्या लक्षात राहिले ते टीव्हीवरचे कार्यक्रम. पण विद्यार्थ्याला टिकवून धरण्यात शिक्षकाने गृहपाठावर लिहिलेल्या शेऱ्यांचा वाटा मोठा होता, यात शंका वाटत नाही.

नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, ते याच मुक्त शिक्षणाच्या वाटेवर.

इंटरनेट आले आणि समोर नसलेल्या विद्यार्थ्याचा आधीच विचार करण्याचे हे शहाणपण काही काळ मागे पडले. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले. शेवटपर्यंत पोचले त्यातले थोडेच. अनेक ठिकाणी तर वर्गातले तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करून चढवले गेले. २०१४ मध्ये फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरचे व्हिडिओ ६९ लाख वेळा कसे पाहिले गेले, याच्या नोंदी तपासल्या. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक अधिक टिकून पाहत होते. नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत, रेखाटत समजावणे त्यांना जास्त धरून ठेवत होते.

पवईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मात्र पहिल्यापासून एकट्या विद्यार्थ्याला धरून चालला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे हे पाठ. शिक्षकाचा चेहरा दिसतच नाही. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर: बघायचे, थांबवायचे, करून पाहायचे. पडद्यावरचा मजकूर इंग्रजी राहतो, कारण पुढे कामावर तोच भेटणार. निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाचा केवढा भार यात हलका होतो!

प्रत्येक पाठाची आधी संहिता लिहिली जाते: एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते, शेजारी काय बोलायचे ते. मग ती विषय अजिबात न येणाऱ्या माणसाच्या हाती देतात. तो एकेक ओळ वाचत सांगितलेली कृती करत जातो. जिथे त्याचा हात थांबतो, ती ओळ पुन्हा लिहिली जाते. ध्वनिमुद्रण त्यानंतर.