देवळा परिसरातील लाव्हाथर

नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुक्याची भूमी एकावर एक साचलेल्या बेसाल्टी लाव्हाप्रवाहांची बनलेली आहे. सुमारे 5 लाख चौ. किमी. व्यापणाऱ्या दक्षिण (दख्खन) ट्रॅप प्रदेशाचा हा एक भाग होय. दक्षिणेकडील सातमाळा रांगेच्या उभ्या कड्यांत हे थर स्पष्ट दिसतात. कडा घट्ट खडकाचा असतो. दोन कड्यांमधला उतार सच्छिद्र व लवकर झिजणाऱ्या खडकाचा असतो.

थरांची घडण : भेगांतून वर आलेल्या, 1,100° से.हून अधिक तप्त लाव्ह्याला हवा लागताच त्यावर पातळ, काचेसारखा पापुद्रा धरतो. तो उष्णता अडवतो, म्हणून आतला लाव्हा वाहता राहतो. मागून येणारा लाव्हा पापुद्र्याखाली शिरून त्याला वर उचलतो आणि प्रवाह फुगत जातो. पापुद्र्यापासून बनणाऱ्या कवचाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हवाई बेटांवरील मोजणीतून 1994 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार 1 मी. जाड कवच बनण्यास सुमारे 7 दिवस लागतात, 10 मी. जाडीसाठी शंभरपट, म्हणजे जवळजवळ 2 वर्षे. त्यामुळे जाड थर म्हणजे एकाच वेगवान लोटाची खूण, असे मानता येत नाही. दख्खनमधील, विशेषतः संगमनेर परिसरातील, असे फुगलेले प्रवाह भूवैज्ञानिक बोंद्रे, दुरईस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये वर्णिले आहेत.

रचना : अशा प्रवाहाच्या तळाशी नळीसारखी वायुकुहरे (वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या), मध्ये घट्ट गाभा व माथ्याशी दाट कुहरे आढळतात. गाभा थंड होताना आकसतो आणि त्यात उभ्या संधी (तडे) पडतात. कुहरांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट व क्वॉर्ट्‌झ साचतात.

तांबडे थर : दोन प्रवाहांच्या सीमेवर काही ठिकाणी तांबडा मातकट थर असतो. तो उद्रेकांमधल्या खंडात झालेल्या अपक्षयाचा, की राखेच्या बदलाचा, याविषयी मते भिन्न आहेत. सर्व ठिकाणी त्याचा उगम एकच असेल असे नाही.

भित्ती : थरांना छेदून वर येताना थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंती. शेजारच्या चांदवड तालुक्यातील धोडप किल्ल्याची कातळभिंत प्रसिद्ध आहे.

काल : उद्रेकांचा मुख्य भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी, एकाने तांबड्या थरांतील झिर्कॉनवरून व दुसऱ्याने आर्गॉन पद्धतीने, कालमापन केले. उद्रेक मोठ्या टप्प्यांत झाले की अधिक सलगपणे, यावर त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

भूजल : घट्ट बेसाल्टात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते वरच्या मुरमात, कुहरी माथ्यात, संधींत व दोन प्रवाहांच्या सांध्यात साठते. चिकणमातीयुक्त तांबडा थर त्याला खाली जाण्यापासून अडवतो. म्हणून एकाच शिवारात एक विहीर पाणी देते व शेजारची कोरडी राहते. कांदा व डाळिंब पिकवणाऱ्या या तालुक्यात विहिरीची जागा ठरवताना खोलीइतकेच महत्त्व थरांच्या सीमा ओळखण्याला आहे. नाल्याच्या काठी किंवा जुन्या विहिरीच्या उघड्या बाजूंवर त्या सर्वांत स्पष्ट दिसतात.